शिपायांतून वर आलेला साहेब

पायदळाच्या एका पलटणीत साधारण आठशे माणसे असतात आणि त्यांत सुभेदार मेजर एकच असतो. कर्नलसाहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. कॅप्टन-मेजर कधी कोर्सला, कधी स्टाफवर, कधी दुसऱ्याच मुलखात जातात. सुभेदार मेजर मात्र अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झालेला, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशा पायऱ्या चढत, बहुधा त्याच पलटणीत केस पिकवून इथवर आलेला असतो. त्याच्या खांद्यावर राजमुद्रा असते आणि तिच्याखाली एक पट्टी. राजमुद्रा मेजरच्याही खांद्यावर असते. पट्टी फक्त याच्या. ज्याला ती पट्टी वाचता येते, त्याला कळते की हा माणूस अकादमीतून आलेला नाही, रांगेतून आलेला आहे.

पुढची पाने या माणसाविषयी आहेत. घोडदळाच्या परंपरेतल्या रेजिमेंटांत त्याला रिसालदार मेजर म्हणतात, नौदलात मास्टर चीफ पेटी ऑफिसर फर्स्ट क्लास, हवाई दलात मास्टर वॉरंट ऑफिसर, आणि आपल्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या तटरक्षक दलात प्रधान अधिकारी. हुद्दे वेगळे आहेत, अधिकारांतही फरक आहेत. पण शिपायाने किंवा नाविकाने सेवेतल्या अनुभवावर गाठायची शेवटची पायरी या सगळ्यांत तीच आहे.

ही प्रस्तावना पालघर जिल्ह्यातल्या पाम गावात बसून लिहितो आहे, म्हणून आधी आपल्या भागाचे बोलतो. पालघर हा काही सातारा नव्हे. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी हे गावाचे नावच आहे, आणि तिथल्या पिढ्यान् पिढ्या फौजेत गेल्या. आपल्याकडे पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे या गावांतला मुलगा कालपर्यंत बागायतीत, मासेमारीत किंवा शाळामास्तरकीत जाई. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मागून औद्योगिक वसाहत आली आणि नोकरी म्हणजे बोईसरचा कारखाना असे समीकरण झाले. पण आता पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात, मुलीही दिसतात. कुणाला पोलीस भरती हवी असते, कुणाला तटरक्षक दल, कुणाला अग्निवीर. त्यांना जनरल कोण हे ठाऊक असते, लेफ्टनंट कसे होतात हेही कुणीतरी सांगितलेले असते. ती स्वतः ज्या दारातून आत जाणार आहेत त्या दारातून गेलेला माणूस वर कुठवर पोहोचतो आणि तिथे पोहोचून काय करतो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. हे पुस्तक त्यांच्या हाती पडावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तसे पाहिले तर किनाऱ्यावरच्या घरांना हा माणूस नवा वाटू नये. मुरबे, सातपाटी, नवापूर, दांडी इथून बोट निघते तेव्हा तिचा मालक, नाखवा, पुष्कळदा किनाऱ्यावर राहतो आणि बोटीवर शब्द चालतो तो तांडेलाचा. तांडेल स्वतः खलाशी होता. डोल कुठे मारायची, वारा फिरला तर कधी परतायचे, तळासरी-डहाणूकडून आलेल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी कुठल्या दोरीवर उभे करायचे, हे त्याला अंगवळणी असते. मासळी कमी आली तर नाखव्यासमोर तो उभा राहतो; पगार थकला तर खलाशांच्या वतीनेही तोच बोलतो. मालक नाही आणि नुसता गडीही नाही. सुभेदार मेजरची जागा नेमकी तशी आहे, फक्त त्याच्या बोटीवर आठशे माणसे असतात आणि गोळी लागण्याची शक्यता असते.

त्याचे काम कागदावर मांडायला गेले तर फारसे हाती लागत नाही. पलटणीची शिस्त, हजेरी, गारदीचे पहारे, लंगरातले जेवण, रजेच्या पाळ्या, क्रीडास्पर्धा, मंदिरातली आरती, बडा खाना: सगळ्यांवर त्याची नजर असते आणि यांतल्या बहुतेक गोष्टींना दुसराच कुणीतरी रीतसर जबाबदार असतो. शिक्षा देण्याचा अधिकार १९५० च्या लष्करी कायद्याने कमांडिंग अधिकाऱ्याकडे दिला आहे. सुभेदार मेजरकडे तो नाही. लढाईचा बेत कर्नल आखतो. कंपन्या मेजर चालवतात. मग याच्याकडे उरते काय? एक दार उरते. कर्नलच्या खोलीचे दार त्याच्यासाठी उघडे असते आणि दार लावून घेऊन तो बोलू शकतो.

मला या भूमिकेचा गाभा तिथे दिसतो. सैनिक संमेलनात सगळी पलटण समोर बसलेली असते तेव्हा जवान उठून बोलतो ते मोजून-मापून. पत्नी आजारी आहे, जमिनीचा वाद तलाठ्याकडे अडकला आहे, धाकटा भाऊ वाया चालला आहे, हे तो तिथे सांगत नाही. ते सेक्शनच्या हवालदाराला कळते, हवालदाराकडून प्लाटूनच्या नायब सुभेदाराला, तिथून सुभेदाराला, आणि अखेर सुभेदार मेजरच्या कानावर येते. त्यातले कर्नलसाहेबांना काय सांगायचे, कधी सांगायचे आणि काय आपल्याच पातळीवर मिटवायचे, हे तो ठरवतो. उलट दिशेनेही तसेच. वरून आलेला हुकूम कडू असेल तर तो जवानांच्या गळी उतरवायचे काम त्याचे. आणि हुकूमच चुकीचा असेल तर तो सुटण्याआधी बंद दाराआड सांगायचे कामही त्याचे: “साहेब, पोरं तीन रात्री झोपलेली नाहीत. आज चढाई केली तर पाय साथ देणार नाहीत.” हे वाक्य चाळीशीच्या कर्नलला पन्नाशीचा माणूस सांगतो. निर्णय कर्नलचाच राहतो. पण न ऐकता घेतलेला आणि ऐकून घेतलेला निर्णय यांत माणसांच्या जिवाइतके अंतर असू शकते.

दोघे एकमेकांना ‘साहेब’ म्हणतात, हेही लक्षात घेण्याजोगे. नुकताच अकादमीतून आलेला बाविशीतला लेफ्टनंट हुद्द्याने वरचा. सुभेदार मेजर त्याला कडक सलाम ठोकतो. तोच लेफ्टनंट त्याला नुसते नावाने हाक मारत नाही, ‘साहेब’ लावतो. पहिल्या वर्षभरात त्या लेफ्टनंटला पलटण शिकवतात ती ही पट्टीवाली माणसेच: जवानाशी किती बोलावे, कुणाच्या घरी काय चालले आहे, रागावल्यावर आवाज कुठे थांबवावा.

एवढे सगळे चांगले सांगितले, तरी या पदाचा जन्म चांगल्या हेतूतून झालेला नाही, आणि ते लपवून प्रस्तावना लिहिता येणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदी माणसाला सुभेदार आणि पुढे सुभेदार मेजर यापलीकडे वाट नव्हती. तीस-चाळीस वर्षे लढलेला सुभेदार काल विलायतेहून आलेल्या पोरसवदा गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असे. बढती निव्वळ ज्येष्ठतेने मिळे, त्यामुळे हुद्दा हाती येईपर्यंत माणूस थकलेला असे; शिपाई सीताराम याच्या नावावर असलेल्या आठवणींत तो सुभेदार होतो तेव्हा म्हातारा झालेला आहे. १८३७ पासून निवडक सुभेदारांना ‘सरदार बहादूर’, ‘बहादूर’ असे किताब मिळू लागले. १८५७ नंतर ज्येष्ठतेचा नियम सैल झाला, कमिशन व्हाइसरॉयच्या नावाने मिळू लागले, पण छत तेवढेच राहिले. गोऱ्या अधिकाऱ्याला शिपायाची भाषा, जात, देव, रुसवे-फुगवे समजत नव्हते. ते समजावून देणारा एक विश्वासू हिंदी माणूस त्याला हवा होता. सुभेदार मेजर म्हणजे राज्यकर्त्याचे डोळे आणि कान, अशी ती मूळ कल्पना.

आणि तरीही त्या छताखाली काही घरांचे नशीब पालटले. रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. वडील फौजेत होते, तेही फौजेत गेले. लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांच्या घरी भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जन्मले. बाहेरच्या गावात ज्या मुलाला वर्गाबाहेर बसवले जाई, त्याच्या बापाला छावणीत सलाम मिळत होता, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. म्हणूनच १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली तेव्हा तो घाव नुसत्या नोकरीवर नव्हता. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आमची माणसे सुभेदार, जमादार (म्हणजे आजचे नायब सुभेदार) होती, त्यांनी लढाया मारल्या, हा त्यांचा दाखला होता. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली तेव्हा ते दार पुन्हा उघडले. अर्जविनंत्यांची ती सगळी वर्षे सुभेदारपद हे माणूस म्हणून मान मिळाल्याची खूण होते. सुभेदार मेजरविषयी लिहिणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत ही बाजू क्वचित येते. मराठीत ती पहिल्यांदा यायला हवी.

पुढची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. हिंदी तरुणांना राजाचे पूर्ण कमिशन मिळू लागले तेव्हा त्यांना एकत्र ठेवण्यासाठी १९२३ साली आठ तुकड्या निवडल्या गेल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी रॉयल पलटण त्यांत होती. पुढे या तुकड्यांत असे ठरले की सुभेदार-जमादार हळूहळू काढून टाकायचे आणि प्लाटून नव्या हिंदी अधिकाऱ्यांनी सांभाळायच्या. गोऱ्या फौजेत सुभेदार नसतो, मग हिंदी अधिकारी असलेल्या पलटणीत तरी कशाला, असा तो युक्तिवाद. वरवर पाहता तो समतेचाच होता. पण त्या तरुण हिंदी अधिकाऱ्यांना त्यात आपली पायरी खाली ओढल्यासारखी वाटली, आणि जवानांना आपल्या वाढीची वाट बंद झाल्यासारखी. दुसऱ्या महायुद्धाने ती योजना बाजूला टाकली. स्वातंत्र्यानंतर पुन्हा प्रश्न उभा राहू शकला असता: अधिकारीही आपलेच, भाषाही आपलीच, मग हा दुभाषा कशाला? भारताने तो ठेवला. व्हाइसरॉयचे कमिशन गेले आणि ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर हे नाव आले. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. परक्या राजाने जे अविश्वासापोटी निर्माण केले ते आपण वेगळ्या कारणासाठी जपले: साहेब आणि शिपाई यांच्यामधले अंतर नुसत्या गोऱ्या-काळ्या रंगाचे नव्हते, ते शिक्षणाचे, वर्गाचे, शहर-खेड्याचेही होते आणि आजही आहे.

ती मधली कडी नसेल तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. रॉयल इंडियन नेव्हीत पायदळासारखा सुभेदार मेजर नव्हता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि कमांडर किंगची शिवराळ भाषा यांवरून काम बंद केले. दोन-तीन दिवसांत ते लोण सत्तरावर जहाजांत आणि किनाऱ्यावरच्या अनेक केंद्रांत पोहोचले. वीस हजारांच्या घरात नाविक त्यात उतरले. जहाजांवर चढलेल्या झेंड्यांमागे मोठे राजकारण होते, आझाद हिंद फौजेवरच्या खटल्यांची धग होती, आणि त्या नाविकांच्या देशप्रेमाला मी जराही कमी लेखत नाही. पण सुरुवातीची तक्रार पाहा. डाळीत खडे आहेत आणि साहेब आईवरून शिवी देतो, ही गोष्ट वर पोहोचवणारे आणि वरच्याला तोंडावर ऐकवू शकणारे वजनदार माणूस तिथे नव्हते. खालून आलेला आवाज ऐकायला कुणीच नव्हते, तेव्हा तो बावटा होऊन वर चढला.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. अमेरिकेने प्रत्येक सेनेला एकच सर्वोच्च शिपाई नेमून दिला. मरीन कोअरने १९५७ साली सुरुवात केली. १९६६ साली व्हिएतनामच्या युद्धाच्या ऐन धामधुमीत विल्यम वुलड्रिज हे अमेरिकी लष्कराचे पहिले सार्जंट मेजर ऑफ द आर्मी झाले, आणि पुढच्या वर्षी नौदलाला डेल्बर्ट ब्लॅक हे पहिले मास्टर चीफ पेटी ऑफिसर ऑफ द नेव्ही मिळाले. त्यांचे काम सेनाप्रमुखाच्या शेजारी बसण्याचे: छावण्यांतून फिरायचे, बायका-मुलांना भेटायचे, घरांच्या गळक्या छपरांपासून पगारापर्यंत सगळे पाहायचे आणि परत येऊन सेनाप्रमुखाला, वेळ आली तर संसदेच्या समितीला सांगायचे. ब्रिटनला तसा आर्मी सार्जंट मेजर नेमायला २०१५ साल उजाडले. भारतात असे एकच शिखरपद नाही. आपल्याकडे हा माणूस प्रत्येक पलटणीत आहे, पण दिल्लीत सेनाप्रमुखाच्या टेबलाशी त्याची खुर्ची नाही. पलटणीचा कर्नल शिपायाचे ऐकतो ते सुभेदार मेजरच्या तोंडून. त्याच्या वर जावे तसा तो आवाज अहवालांत विरत जातो. घरापासूनचे अंतर, निवृत्तिवेतनातल्या त्रुटी, कुटुंबांची घरे यांवर दिल्लीत निर्णय होतात तेव्हा तीस वर्षे बराकीत राहिलेला एक माणूस तिथे असावा, असे मला ठामपणे वाटते.

आता दुसरी बाजू. मधल्या माणसाच्या हाती जी सत्ता येते ती लेखी नसते, आणि लेखी नसलेली सत्ता सहज नासते. जुन्या आगबोटींवर सारंग हा खलाशांचा म्होरक्या असे. भरती त्याच्या शब्दावर होई, आणि म्हणून पुष्कळ सारंग खलाशांकडून दस्तुरी घेत, व्याजाने पैसे देत. पलटणीतही असे घडू शकते: आपल्या मुलखाच्या पोरांना आधी रजा, नावडत्याच्या नशिबी थंडीतला पहारा, कर्नलला जे ऐकायला आवडते तेवढेच त्याच्या कानावर. निवृत्त जवानांशी बोलताना त्यांच्या आठवणींतले दोन्ही प्रकारचे सुभेदार मेजर मी ऐकले आहेत. चांगल्याविषयी ते लांबलचक सांगत नाहीत. “त्यांनी साहेबाला खरं सांगितलं,” एवढेच सांगतात.

युद्धाच्या इतिहासात हा माणूस जवळपास दिसत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातल्या जमालपूरला वेढा पडला होता. १७६८ साली उभी राहिलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे आपली जंगी पलटण, तिथे होती. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार आणि समोरच्या बलुच पलटणीचे सुलतान अहमद यांच्यातला पत्रव्यवहार, शरण या म्हणणाऱ्या पत्राला उत्तर म्हणून आलेली बंदुकीची गोळी, हे अनेकदा छापून आले आहे आणि ते आहेच रोमांचक. त्या वेढ्यात रात्रीच्या थंडीत खंदकांतून फिरून गणपतांना (रेजिमेंटमध्ये मराठा जवानाला प्रेमाने गणपतच म्हणतात) दारूगोळा, चहा आणि दोन शब्द पोहोचवणारी माणसे त्या वर्णनांत येत नाहीत. पदकांच्या यादीतही मधली माणसे तेव्हाच येतात जेव्हा ती स्वतः गोळीबारात पुढे होतात. १९६२ साली तवांगच्या वाटेवर लढलेले सुभेदार जोगिंदरसिंग यांना परमवीरचक्र मिळाले ते अशाच झुंजीसाठी. पलटण एकसंध ठेवण्यासाठी पदक नसते.

तटरक्षक दलाची वेगळी नोंद करायला हवी, कारण आपल्या मुलांना तेच जवळचे आहे. १९७८ च्या कायद्याने उभे राहिलेले हे दल वयाने लहान. नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक, मग अधिकारी, उत्तम अधिकारी आणि प्रधान अधिकारी, असा चढता क्रम. डहाणूला त्याचे ठाणे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पकडून तिच्या तांडेलाला मारले. तेव्हापासून किनाऱ्यावरची प्रत्येक बोट, तिचा नंबर, तिच्यावरची माणसे यांची नोंद ठेवली जाते. गस्तीची नौका शेजारी येऊन थांबते आणि कागद मागते, तेव्हा तांडेल चिडतो. त्या वेळी समोर मांगेल्यांची, कोळ्यांची बोली समजणारा, भरती-ओहोटीचे गणित कळणारा जुना नाविक असला तर तपासणी दहा मिनिटांत हसतखेळत होते. असा माणूस घडायला पंचवीस-तीस वर्षे लागतात, आणि तो या किनाऱ्यावरच्या घरांतून यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

घडण्याला लागणारा हा काळच आता ऐरणीवर आला आहे. सुभेदार मेजरला पदावर चार वर्षांची मुदत असते. सेवेची ३४ वर्षे किंवा वयाची ५४ वर्षे आधी भरली तर त्याआधीच निवृत्ती. काहींना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन हा सन्मान मिळतो. म्हणजे शिपायापासून इथवर तीन दशके. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांची सेवा आणि नंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम, अशी रचना आहे. या योजनेविषयी वाद खूप झाले, त्यांत मी इथे शिरत नाही. मला काळजी एकाच गोष्टीची आहे. सुभेदार मेजरचे वजन येते ते सोबत जगलेल्या वर्षांतून. ज्या हवालदाराला त्याने शिपाई असताना पाहिले, ज्याच्या लग्नाला तो गेला, ज्याच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी त्याने दिली, तो त्याचा शब्द मोडत नाही. पलटणीतली तीन-चतुर्थांश तरुण माणसे चार वर्षांत निघून जाणार असतील, तर उरलेल्या चौथ्या हिश्श्याला हे नाते नव्याने बांधायला शिकावे लागेल. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला गेली. तिच्यातून कायम झालेला जवान सुभेदार मेजरची पट्टी लावील तेव्हा २०५० उलटलेले असेल. ते काम काय असते, हे त्याला आज त्याच्या पुढे उभ्या असलेल्या नाईक-हवालदारांकडूनच शिकायचे आहे, आणि त्या नाईक-हवालदारांपैकी पुष्कळांना ज्यांनी घडवले ते सुभेदार मेजर आत्ता, या एक-दोन वर्षांत, निवृत्त होऊन गावी परतत आहेत.